काव्यातल्या राजकन्या, इतिहासातल्या विधवा राण्या

संस्कृत आणि मराठी काव्यात विदर्भ आला की राजकन्या आल्याच. अगस्त्याची लोपामुद्रा, नळाची दमयंती, अजाची इंदुमती, कृष्णाची रुक्मिणी आणि कालिदासाने रंगमंचावर आणलेली मालविका, या सगळ्या विदर्भाच्या. दमयंती सोडली तर बहुतेकींच्या कथेचा रस लग्नापर्यंतच्या वाटेत आहे. कोण कुणाला आवडलं, कोण आडवं आलं आणि शेवटी माळ कुणाच्या गळ्यात पडली, हे कळलं की कवीचं काम संपतं.

नागपूर परिसराचा राजकीय इतिहास वाचायला घेतला की वेगळंच दिसतं. इथल्या मोठ्या घडामोडी राजा मेल्यावर सुरू होतात. वारस लहान असतो, दुबळा असतो किंवा नसतोच. दिवाणखान्यात भाऊबंद जमलेले असतात आणि मागच्या चौकात बसलेल्या विधवा राणीला ठरवायचं असतं की हात कुणाचा धरायचा. वाकाटकांची प्रभावतीगुप्ता, गोंडांची रतनकुंवर, भोसल्यांच्या दर्याबाई आणि बाकाबाई, चौघींच्या वाट्याला हाच प्रसंग आला. त्यांच्या निर्णयांनी या भूभागाचं नशीब ठरलं, असं माझं मत आहे, आणि ते निर्णय नीट समजून घेतल्याशिवाय त्यांना दोष देणं मला पटत नाही.

आधी काव्याकडे वळू, कारण प्रेम आणि सत्ता एकमेकांत कशी गुंततात हे कालिदासाला फार चांगलं ठाऊक होतं.

मालविकाग्निमित्र: प्रेमकथेच्या पोटातलं युद्ध

काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. पुष्यमित्र शुंगाने शेवटच्या मौर्य राजाला मारून सत्ता घेतली आहे आणि त्याचा मुलगा अग्निमित्र विदिशेला राज्य करतो आहे. विदर्भाच्या गादीवर यज्ञसेन आहे. यज्ञसेनाचा चुलतभाऊ माधवसेन अग्निमित्राच्या बाजूचा. आपली बहीण अग्निमित्राला द्यायची, असं त्याने ठरवलं आणि तो विदिशेकडे निघाला. वाटेत यज्ञसेनाच्या सीमेवरच्या अधिकाऱ्याने त्याला पकडलं. त्या धांदलीत बहीण नाहीशी झाली.

पहिल्याच अंकात दोन राजांची पत्रापत्री आपल्याला ऐकवली जाते. माधवसेनाला सोड, असं अग्निमित्र सांगतो. माझा मेहुणा, मौर्यांचा जुना मंत्री, तुझ्या कैदेत आहे, आधी त्याला सोड, असं यज्ञसेनाचं उत्तर येतं. अग्निमित्र चिडतो आणि सेनापती वीरसेनाला विदर्भावर चालून जायला सांगतो. हा सगळा राजकारणाचा मामला काही ओळींत उरकून कालिदास अंतःपुराकडे वळतो.

तिथे धारिणी राणीच्या सेवेत एक मुलगी नाच शिकते आहे. तिचं नाव मालविका. हीच ती हरवलेली बहीण, पण ते कुणालाच माहीत नाही. राजाने तिला पाहिलंय ते फक्त चित्रात, आणि तेवढ्यावर तो वेडा झालाय. धारिणी तिला त्याच्या नजरेआड ठेवते. मग विदूषक गौतम दोन नृत्याचार्यांमध्ये भांडण लावून देतो आणि त्यांची परीक्षा घ्यायच्या निमित्ताने मालविकेला राजासमोर नाचायला लावतो. पुढे धाकटी राणी इरावती संतापते आणि धारिणी मालविकेला तळघरात कोंडते. माझी सर्पमुद्रेची अंगठी दाखवल्याखेरीज तिला सोडायचं नाही, अशी ताकीद देते. विदूषक साप चावल्याचं सोंग करून तीच अंगठी मिळवतो.

शेवटच्या अंकात विदर्भ जिंकल्याची बातमी येते. तिथून भेट म्हणून आलेल्या दोन गायिका मालविकेला ओळखतात. राजकन्या हीच, हे उघड होतं. धारिणी स्वतःच्या हाताने तिला राजाला देते. त्याच अंकात अग्निमित्र विदर्भाचे दोन भाग करतो: वरदा नदीच्या एका काठावर यज्ञसेन, दुसऱ्या काठावर माधवसेन. वरदा म्हणजे आजची वर्धा नदी.

माझी नजर इथे दर वेळी अडते. ज्या प्रवेशांत मालविकेचं लग्न ठरतं, त्याच प्रवेशांत तिच्या माहेरचा देश वाटला जातो, आणि त्या वाटणीबद्दल तिला कुणी एक शब्द विचारत नाही. नाटकात खरी मुत्सद्दी आहे ती धारिणी. भाऊ वीरसेन सीमेवर, मुलगा वसुमित्र अश्वमेधाच्या घोड्यामागे सिंधुतीरी यवनांशी लढतो आहे. त्याच्या विजयाची बातमी आली आणि आपलं स्थान पक्कं झालं, हे कळल्यावरच ती सवतीचा हात नवऱ्याच्या हातात देते. तिच्या औदार्यामागचा हा हिशोब कालिदासाने झाकलेला नाही.

रुक्मिणी, आणि राजाला नकार देणारा कवी

वर्धा नदीच्याच काठावर, अमरावती जिल्ह्यात, कौंडण्यपूर आहे. परंपरेने हे रुक्मिणीचं माहेर. भाऊ रुक्मीला बहीण शिशुपालाला द्यायची होती, कारण त्या सोयरिकीत राजकारण होतं. रुक्मिणीने ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला निरोप पाठवला. पाठलागात हरलेला रुक्मी पुन्हा कुंडिनपुरात परतला नाही. भोजकट नावाचं वेगळं नगर वसवून तिथेच राहिला.

तेराव्या शतकाच्या अखेरीस नरेंद्र कवीने या कथेवर मराठीत ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचलं. महानुभावांच्या परंपरेत त्याची एक आठवण जपलेली आहे. काव्य ऐकून देवगिरीच्या रामदेवरावाने दर ओवीला सोन्याचं नाणं देऊ केलं. अट एकच, काव्य राजाच्या नावावर करायचं. नरेंद्राने नकार दिला आणि पुढे तो महानुभाव पंथात गेला. बहिणीने आपल्या मनाने वर निवडल्याची कथा सांगणारा कवी राजाच्या पैशापुढे वाकला नाही, ही आठवण मला फार मोलाची वाटते.

प्रभावतीगुप्ता: बापाच्या वंशावळीने सुरू होणारा ताम्रपट

नागपूरच्या ईशान्येला, रामटेकच्या पायथ्याशी नगरधन आहे. चौथ्या-पाचव्या शतकांत इथे नंदिवर्धन होतं, वाकाटकांच्या थोरल्या शाखेची राजधानी. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने आपली मुलगी प्रभावती वाकाटक रुद्रसेन दुसरा याला दिली. पश्चिमेकडे शक क्षत्रप होते. त्यांच्याशी लढायचं तर दक्षिणेचा हा शेजारी आपलासा असणं गुप्तांना गरजेचं होतं. थोडक्यात, लग्न मालविकेच्या लग्नासारखंच, तहाच्या कलमासारखं ठरलेलं.

रुद्रसेन लवकर वारला. मुलगे लहान. प्रभावतीने कारभार हाती घेतला आणि तेराव्या वर्षीही ती युवराज दिवाकरसेनाची आई म्हणून दानपत्रं काढत होती. पुण्यात सापडलेला तिचा ताम्रपट निघाला होता नंदिवर्धनाहून. त्याची सुरुवात वाकाटकांच्या पूर्वजांनी होत नाही. आधी गुप्तांची वंशावळ येते, मग तिची आई कुबेरनागा हिचं नागकुळ येतं, आणि नवऱ्याचं नाव त्यानंतर. गोत्रही ती बापाचंच लावते. सासरच्या गादीवर बसून माहेरची ओळख इतक्या ठामपणे कोरून घेणारी राणी त्या काळात दुर्मीळ आहे. तिच्यामागे पाटलीपुत्राचं बळ आहे, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळावं असाच तो मजकूर आहे.

पुढे धाकटा मुलगा दुसरा प्रवरसेन गादीवर आला. ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातलं काव्य त्याच्या नावावर आहे. त्याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातल्या ऋद्धपूरच्या ताम्रपटातही दान देणारी प्रभावतीच आहे, आणि ते दान रामगिरीच्या देवाच्या चरणांपासून दिलेलं आहे. रामगिरी म्हणजे रामटेक. मेघदूतातला यक्ष याच डोंगरावर राहिला, हे मत नागपूरचे पंडित वा. वि. मिराशी यांनी आयुष्यभर हिरिरीने मांडलं. २०१५ नंतर नगरधनला झालेल्या उत्खननात प्रभावतीचं नाव आणि शंखाचं चिन्ह असलेली मातीची मुद्रा मिळाली. तिच्या कारभाराचा ठसा तिच्याच राजधानीच्या मातीतून वर आला.

रतनकुंवर: मदतीला बोलावलेला पाहुणा

मधली तेरा शतकं ओलांडून नागपूर शहराकडे येऊ. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंदशाह औरंगजेबाच्या दरबारात जाऊन मुसलमान झाला, आणि परत आल्यावर १७०२ मध्ये त्याने बारा लहान वस्त्या जोडून नागपूर वसवलं. त्याचा मुलगा चांदसुलतान याने राजधानी इथे आणली.

चांदसुलतान वारला आणि घरातच आग लागली. बख्तबुलंदचा अनौरस मुलगा वलीशाह याने गादी बळकावली. विधवा राणी रतनकुंवर हिच्यापुढे बुऱ्हाणशाह आणि अकबरशाह या दोन मुलांचा जीव आणि हक्क वाचवायचा प्रश्न होता. तिने वऱ्हाडातल्या भामहून रघूजी भोसल्यांना बोलावलं. रघूजी आले, वलीशाहचा पाडाव केला आणि मुलांना गादीवर बसवलं. मोबदला म्हणून राज्याचा मोठा हिस्सा त्यांना मिळाला. राणीने त्यांना तिसरा मुलगा मानून वाटा दिला, असं सांगतात.

काही वर्षांतच दोन्ही भावांचं बिनसलं. १७४३ मध्ये रघूजी पुन्हा आले ते राहण्यासाठीच. अकबरशाहला देश सोडावा लागला. बुऱ्हाणशाहला नेमणूक आणि मान मिळाला, सत्ता मात्र भोसल्यांकडे गेली. गोंड राजाचं घराणं नागपुरातच राहिलं आणि भोसल्यांच्या राज्यारोहणात टिळा लावण्याचा मान त्यांच्याकडे राहिला.

रतनकुंवरने राज्य घालवलं, असं म्हणणं सोपं आहे. तिच्याजागी बसून पाहिलं तर पर्याय दोनच दिसतात: वलीशाहच्या हाती मुलं द्यायची, किंवा बाहेरचं सैन्य आणायचं. पहिल्यात मरण नक्की होतं.

पाचगाव: हत्तीवरून झाडलेली गोळी

पहिले रघूजी १७५५ मध्ये वारले. ओडिशापर्यंत पोचलेलं राज्य मागे ठेवून गेले आणि चार मुलगेही. जानोजी वयाने मोठे, मुधोजी थोरल्या राणीचे. वाद पेशव्यांच्या दारी गेला. जानोजींना सेनासाहेब सुभा हा किताब मिळाला, मुधोजींना चांद्याचा मुलूख आणि सेनाधुरंधर ही पदवी. जानोजींना मूल नव्हतं, म्हणून त्यांनी मुधोजींचा मुलगा रघूजी दत्तक घ्यायचं ठरवलं.

१७७२ मध्ये जानोजी गेले आणि हे सारं पुन्हा उसवलं. विधवा दर्याबाईंनी मुधोजींऐवजी दुसरे दीर साबाजी यांची बाजू धरली. दत्तक मुलाचा जन्मदाता बाप कारभारात आला की आपलं स्थान शून्य होणार, ही भीती त्यामागे असावी असं मला वाटतं. दोन-अडीच वर्षं लढाया आणि तह यांचा खेळ चालला. २६ जानेवारी १७७५ ला नागपूरच्या दक्षिणेला पाचगावला दोन भाऊ समोरासमोर आले. मुधोजी घेरले गेले. जिंकलोच अशा खात्रीने साबाजींनी आपला हत्ती थेट त्यांच्या हत्तीवर घातला. मुधोजींनी पिस्तूल झाडलं. साबाजी जागीच गेले आणि हरलेली लढाई मुधोजींनी जिंकली.

बाकाबाई: एका अंथरुणातला मृत्यू

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. इतवारी भागातून निघणाऱ्या काळ्या मारबतीचा प्रचंड पुतळा पाहायला शहर लोटतं, रोगराई घेऊन जा म्हणून आरोळ्या होतात आणि शेवटी पुतळा जाळला जातो. हा पुतळा कुणाचा, असं विचारलं तर बरेच नागपूरकर सांगतील: बाकाबाईचा, जिने इंग्रजांशी हातमिळवणी केली. ही मिरवणूक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत, म्हणजे बाकाबाईच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांनी रूढ झाली. लोकांच्या रागाला तोवर एक चेहरा मिळाला होता. तो चेहरा मिळण्याआधी काय घडलं, ते क्रमाने पाहू.

मुधोजींचा तोच मुलगा, म्हणजे दुसरे रघूजी, २२ मार्च १८१६ रोजी वारले. १८०३ मध्ये आडगावच्या पराभवानंतर देवगावच्या तहात त्यांनी कटक आणि पश्चिम वऱ्हाड गमावला होता, तरी तैनाती फौज मात्र आयुष्यभर दारात येऊ दिली नाही. बाकाबाई त्यांची विधवा. वारस परसोजी, शरीराने आणि मनाने पंगू. वाड्यात दोन पक्ष पडले. बाकाबाई आणि धर्माजी भोसले एका बाजूला, परसोजींचे चुलतभाऊ आप्पासाहेब दुसऱ्या बाजूला. आप्पासाहेबांनी बाजी मारली, कारभार ताब्यात घेतला आणि मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. ज्या तहाला रघूजी जन्मभर टाळत आले, त्यावर त्यांच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांत सही झाली. ती सही बाकाबाईची नव्हती.

१ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी परसोजी अंथरुणात मृत सापडले. आप्पासाहेब त्या वेळी चांद्याकडे होते. पुढे उघड झालं की रात्री गळा आवळून खून झाला होता आणि संशय आप्पासाहेबांवरच आला. झोपेतल्या राजाचा आप्ताकडून खून म्हटलं की शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ आठवतं. शिवराम महादेव परांजप्यांनी त्या नाटकाचं ‘मानाजीराव’ केलं तेव्हा त्याला मराठी दरबाराचा पोशाख किती सहज बसला, याचं नवल वाटायला नको.

गादीवर बसलेल्या आप्पासाहेबांना मग आपणच केलेला तह काचू लागला. पुण्याच्या बाजीरावाशी संधान बांधून त्यांनी २४ नोव्हेंबरला पेशव्यांकडून आलेली वस्त्रं स्वीकारली. २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई सुरू झाली. सुमारे अठरा हजार भोसल्यांचे, त्यांत अरबांच्या कडव्या तुकड्या, आणि समोर इंग्रजांचे तेराशेच्या आसपास. २७ तारखेला अरबांनी लहान टेकडी घेतली होती. तरी घोडदळाच्या एका हल्ल्याने फासा पलटला. डिसेंबरात इंग्रजांना कुमक मिळाली आणि शहर पडलं. आप्पासाहेबांना परत गादी मिळाली, मार्च १८१८ मध्ये अटक झाली, मे महिन्यात पहाऱ्यातल्या शिपायांना फितवून शिपायाच्याच वेषात ते निसटले. महादेवाचे डोंगर, असीरगड, पंजाब असं भटकत शेवटी जोधपूरच्या मानसिंहाने त्यांना आसरा दिला. १८४० मध्ये ते तिथेच वारले. त्यांच्या शेवटच्या वर्षांबद्दल मला मनापासून हळहळ वाटते. त्यासाठी परसोजींची ती रात्र विसरायची माझी तयारी नाही.

नागपुरात परसोजींची विधवा दुर्गाबाई हिच्या मांडीवर दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा दत्तक दिला गेला आणि जून १८१८ मध्ये तो तिसरा रघूजी म्हणून गादीवर आला. मुलाची आणि वाड्याची जबाबदारी बाकाबाईकडे आली, राज्याचा कारभार रेसिडेंट जेंकिन्सकडे गेला. बाकाबाईने इंग्रजांचा हात धरला तो इथे. घरातला वारस मारल्याचा ज्याच्यावर आरोप, तो परतू नये आणि नातवाची गादी टिकावी, एवढं तिला हवं होतं. पस्तीस वर्षं ती गादी टिकलीही.

लिहिणारे कोण होते

या काळाची आपली माहिती आली कुठून, हेही पाहायला हवं. जेंकिन्सचा नागपूर राज्यावरचा अहवाल १८२७ चा. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखर याच जेंकिन्सच्या सांगण्यावरून लिहिली गेली. या दोन्हींचा उपयोग पुढच्या प्रत्येक इतिहासकाराला करावा लागला. आप्पासाहेब खलनायक ठरणं जेंकिन्सच्या सोयीचं होतं, कारण त्यामुळे त्याने केलेली व्यवस्था न्याय्य ठरत होती. उलट पुढच्या राष्ट्रीय विचाराच्या लोकांना सीताबर्डीला लढलेला राजा नायक म्हणून हवा होता आणि मग दोष ठेवायला वाड्यातली म्हातारी सापडली. प्रभावतीने आपली ओळख स्वतः तांब्यावर कोरून घेतली. बाकाबाईची ओळख आधी रेसिडेंटच्या माणसांनी लिहिली, नंतर रस्त्यावरच्या मिरवणुकीने.

खालसा आणि लिलाव

११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघूजी मूल नसताना वारले. बाकाबाईने आणि राण्यांनी यशवंतराव अहेरराव या नात्यातल्या मुलाला पुढे केलं. अंत्यविधी त्यानेच केले. रेसिडेंट मॅन्सेल राज्य राखण्याच्या बाजूने होता. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातल्या कर्नल जॉन लो याने विलीनीकरणाला लेखी विरोध नोंदवला. डलहौसीने कुणाचंही ऐकलं नाही. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा इथला कापूस त्याच्या डोळ्यांपुढे होता, आणि तो त्याने टिपणात लपवलेलाही नाही. मार्च १८५४ मध्ये नागपूर खालसा झालं.

त्यानंतर जे झालं ते वाचताना आजही संताप येतो. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला नेऊन मिळेल त्या किमतीत विकले. जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला रवाना झालं. सामानाला हात लावाल तर वाड्याला आग लावीन, असं बाकाबाईने बजावल्याची हकीकत इंग्रज इतिहासकार जॉन के यानेच लिहून ठेवली आहे. तिने गव्हर्नर जनरलकडे खलिते पाठवले, वकील धाडले. कशाचा उपयोग झाला नाही.

१८५७ च्या जूनमध्ये नागपुरात घोडदळाचा उठाव शिजला तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढच्या बाकाबाईने भोसल्यांच्या आप्तेष्टांना त्यापासून दूर ठेवलं. तिच्या नावाला चिकटलेला काळा रंग मुख्यतः याच दिवसांचा. सीताबर्डीच्या वेळी सगळं पणाला लावून हरलेलं घर तिने पाहिलं होतं, आणि आता हातात ना फौज होती ना खजिना. उरलेली माणसं वाचवायची एवढंच तिला शक्य होतं आणि ते तिने केलं. तिच्या निर्णयाशी असहमत होता येईल. त्याला फितुरी म्हणायला मी तयार नाही.

१८५८ मध्ये बाकाबाई वारली. १८६० मध्ये सरकारने यशवंतरावांचं (दत्तक नाव जानोजी) दत्तकविधान मान्य केलं आणि त्यांना देऊरचे राजाबहादूर हा किताब दिला. ज्या मान्यतेसाठी बाकाबाई चार वर्षं खलिते लिहीत होती, ती तिच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी आली. सोबत राज्य नव्हतं.